खालच्या दोन ओळी

दसऱ्यापासून संगणक शिवकन्याबाईंच्या मागं लागला होता. रोज सकाळी चालू केला की कोपऱ्यात एक चौकट उघडायची आणि ‘नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?’ असं मोठ्या अदबीनं विचारायची. बाई रोज ‘नंतर’ म्हणायच्या. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं, हाताला काही काम उरलं नाही, तेव्हा एका दुपारी त्यांनी एकदाचं ‘होय’ दाबलं. विकतचं दुखणं म्हणतात ते हेच. संगणकातली लिनक्स ही प्रणाली मोफत असल्यामुळं ते फुकट मिळालं, एवढाच काय तो फरक.

नळदुर्गच्या बाहेर, हायवेवरच्या ढाब्यांच्या मागच्या अंगाला, अंध मुलामुलींची ही निवासी शाळा; बाई तिथं शिकवायच्या आणि वसतिगृहही बघायच्या. शाळेत किमती म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र. त्याला शाई लागत नाही. ते जाड कागदावर टिंबं ठोकून उठवतं, आणि ठोकतं असं की रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्नही ऐकू येऊ नयेत. मुलांनी त्याचं नावच ठोक्या ठेवलं होतं. ठोक्या सुरू झाला की मुलं बसल्या जागी ओळखायची, आज काहीतरी नवं वाचायला मिळणार. ब्रेलमधली छापील पुस्तकं यायची ती निम्मं वर्ष सरल्यावर, तीही सगळ्या वर्गात मिळून एक. म्हणून बाई स्वतः धडे टाइप करायच्या, छापायच्या आणि दोऱ्यानं बांधून एकेकाच्या हातात गठ्ठा द्यायच्या. या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

तर संगणक नवा होऊन उठला आणि ठोक्याची वाचा बसली.

शाळेला हा संगणक बसवून दिला होता उत्कर्षनं. उत्कर्ष नळदुर्गचाच मुलगा, आता पुण्यात नोकरीला. आधीच्या संगणकात कुणाच्या ना कुणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस शिरायचे, म्हणून लिनक्स त्यानंच घातलं होतं. बाईंनी त्याला फोन लावला.

“मॅडम, प्रिंटरच्या यादीत आपल्या मशिनचं नाव दिसतंय का?”

“यादीच रिकामी हाय रे.”

“मग ड्रायव्हर उडाला. जुना ड्रायव्हर नव्या सिस्टीमला चालत नाही.”

“तर मग माझी जुनी सिस्टीम मला परत दे.”

“तसं होत नसतं, मॅडम.”

ड्रायव्हर म्हणजे संगणकाचं म्हणणं यंत्राला समजावून सांगणारा दुभाषा, हे बाईंना त्या दिवशी कळलं. दुभाषाच पळून गेल्यावर दोघं समोरासमोर ठोंब्यासारखे बसले होते. मग उत्कर्षच्या जेवणाच्या सुट्टीत रोज फोनवर शिकवणी सुरू झाली. तो एकेक अक्षर सांगायचा, “लहान एल, लहान पी, आता मोकळी जागा,” आणि बाई एका बोटानं टाइप करायच्या. मोकळी जागा राहिली की संगणक म्हणायचा, असा काही हुकूम आपल्याला ठाऊक नाही. मोठ्या खटपटीनं यादीत यंत्राचं नाव आलं, तर त्याच्यापुढं ‘थांबवलेले’ असा शेरा. शेरा काढला, तर ठोक्यानं पानभर नुसती सगळीच्या सगळी टिंबं ठोकली. ब्रेलचा कागद काही किराणा दुकानात मिळत नाही. वाया गेलेला कागद बघून बाई रडकुंडीला आल्या. सुट्टी संपून मुलं परतली आणि येता-जाता विचारू लागली, “बाई, ठोक्या बरा झाला का?”

शेवटी उत्कर्षनं हात टेकले. “कंपनीनं ह्या मॉडेलचा ड्रायव्हर काढायचंच बंद केलंय, मॅडम. सगळ्या मशिनांना चालतो असा एक साधा ड्रायव्हर असतो, तो टाकू या.”

तो टाकला, बाईंनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं, आणि ठोक्या ठोकायला लागला. व्हरांड्यातल्या मुलींनी टाळ्या पिटल्या. बाईंना तर गड जिंकल्यासारखं वाटलं. पहिलं पान काढून त्यांनी दारात उभ्या असलेल्या नागम्माच्या हातात दिलं. नागम्मा दहावीतली, कर्नाटकाच्या शिवेवरच्या एका वाडीतली. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि दोन्हींत सारखीच तोंडाळ. पहिला नंबर तिनं कधी सोडला नव्हता.

“वाच बघू.”

नागम्माची बोटं वरच्या ओळींवरून सरसर फिरली आणि तिनं घडाघडा वाचून दाखवलं.

“नीट उठलंय ना?”

“व्हय बाई. टिंबं लई टणक आल्यात.”

बाईंनी पान तिच्या हातातून घेतलं आणि ही आनंदाची बातमी उत्कर्षला सांगायला धावल्या. त्यानंतर त्यांनी दहावीचा भूगोल छापला, इतिहास छापला, मराठीही छापलं. पडद्यावर प्रत्येक धडा शब्दन् शब्द तपासून घेतला. छापलेल्या पानाकडं पुन्हा बघायची गरज त्यांना वाटली नाही.

जानेवारीत सराव परीक्षा झाली. या मुलांची परीक्षा म्हणजे मुलांनी उत्तर सांगायचं आणि शेजारच्या हायस्कुलातल्या डोळस मुलांनी ते लिहायचं. भूगोलाचे पेपर तपासायला घेतले तेव्हा बाईंच्या कपाळाला आठी पडली. ब्राझीलच्या ईशान्येकडं पाऊस कमी पडतो, त्या भागाची माहिती विचारली होती. श्रावस्ती कांबळेनं उत्तर बरोबर सुरू केलं होतं आणि शेवटी सांगितलं होतं, ‘पाऊस न झाल्यास तेथील लोक कोयता घेऊन ऊसतोडीला जातात व पाडव्याच्या सुमारास परत येतात.’

बाईंना आधी हसू आलं. दुसरा पेपर घेतला, त्यातही ऊसतोड. तिसऱ्यातही तेच, पाडव्यासकट. साऱ्या वर्गानं ब्राझीलच्या हातात कोयता दिला होता. पुढच्या उत्तरांतही असंच जागोजागी काहीतरी घुसडलेलं, आणि सगळ्यांनी एकसारखं. आता मात्र बाईंचं टाळकं सणकलं. त्या शिस्तीच्या होत्या, आणि शिस्तीच्या माणसाला आपलंही चुकू शकतं हे सांगायला ब्रह्मदेवच खाली उतरावा लागतो.

“ही ब्राझीलची ऊसतोड कुणाच्या डोक्यातनं निघाली?” वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं.

नागम्मा उभी राहिली.

“म्या सांगितलं समद्यांना. पुस्तकात नव्हतं बाई, म्हणून भरलं.”

“पुस्तकात नव्हतं? पुस्तक म्या छापलंय!” बाई चिडल्या की त्यांच्याही तोंडी गावाकडची बोली यायची.

“नव्हतं बाई. लई जागी नसतंय.”

“म्हंजी चूक माझी का?”

नागम्मा गप्प राहिली. ती गप्प राहिली हे बाईंना तिच्या बोलण्याहून उर्मट वाटलं.

“चोर तो चोर, वर शिरजोर! स्वतः खोटं रचायचं, वर्गाला शिकवायचं, आणि वर पुस्तकावर ढकलायचं? बोर्डात असलं लिहिलंस तर शाळेचं नाक कापलं जाईल. खोटारडी कुठली!”

सगळ्या वर्गादेखत त्या हे बोलल्या आणि त्याच तिरीमिरीत त्यांनी नागम्माच्या बापाला फोन केला.

शांतलिंग दुसऱ्या दिवशी वडापच्या जीपनं आला. टोपी हातात घेऊन त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, पोरगी तोंडाळ हाय, पर खोटं बोलत न्हाय वो.”

“मग मी बोलते का खोटं?”

“न्हाय न्हाय. तुमी शिकवणारी माणसं.”

“चार दिवस घरी न्या. चूक कबूल केली की आणून सोडा.”

शांतलिंगनं मान डोलावली आणि वसतिगृहातून लेकीची पत्र्याची पेटीच उचलून आणली. चार दिवसांसाठी पेटी कशाला, असं बाईंनी विचारलं.

“ऱ्हाऊ द्या आता, बाई. हिची आई पहिल्यापसनं म्हणायची, आंधळ्या लेकराला एवढं शिकवून काय करायचं. म्या एकटाच हिच्या बाजूनं बोलायचो. आता घरात जाऊन म्या तरी काय सांगू?”

नागम्मानं आपला गठ्ठा चाचपत बाईंच्या टेबलावर ठेवला. “ह्यो शाळेचा हाय,” एवढंच म्हणाली आणि बापाचा दंड धरून बाहेर पडली.

चार दिवस गेले, आठवडा गेला, नागम्मा आली नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. बाई वर्गात शिकवायच्या, पोरं ऐकून घ्यायची, पण कुणी आपण होऊन काही विचारेना. ठोक्याची चौकशीसुद्धा बंद झाली. आपण कडक वागलो, पण वागलो ते बरोबर, अशी बाई मनाची समजूत घालत होत्या आणि ती काही केल्या पटत नव्हती. पोरगी खरंच आली नाही तर? दहावीला न बसता वाडीवर जन्मभर बसून राहिली तर? शेवटी एका सकाळी त्यांनी नागम्माचा गठ्ठा उघडला. ब्राझीलचं ते उत्तर पुस्तकात आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं आणि एकदाचं निर्धास्त व्हावं, एवढाच हेतू होता.

बाई ब्रेल डोळ्यांनी वाचायच्या. खिडकीतून तिरपं ऊन येतं तिथं पान धरलं की टिंबांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं लागतात. ईशान्य ब्राझीलचं पान सापडलं. ‘या प्रदेशात पाऊस फारच कमी पडतो, त्यामुळे’ इथं पान संपलं. बाईंनी पुढचं उलटलं. ते ‘असे म्हणतात’ पासून सुरू होत होतं. एखादं पान गळालं असेल म्हणून त्यांनी आकडे बघितले, तर आकडे लागोपाठचे. त्यांनी आणखी एक पान बघितलं, मग आणखी एक. प्रत्येक पानाखाली कोरी पट्टी होती आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी नव्हत्या.

आणि ती कोरी पट्टी मळलेली होती. पानाचा वरचा भाग त्या मानानं स्वच्छ, पण खाली, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोटांचा मळ बसून कागद काळपट पडला होता. पोर तिथं पुन्हा पुन्हा बोटं फिरवून ओळी शोधत राहिली होती. स्वतःची एवढी लाज बाईंना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्या तो गठ्ठा घेऊन वर्गात गेल्या. “पानांच्या खालच्या ओळी उठल्या नाहीत, हे मला कुणी सांगितलं का नाही?”

श्रावस्ती उठून उभी राहिली. “सांगायचं काय त्यात, बाई? पुस्तकं अशीच असत्यात की. जुन्या पुस्तकांतली टिंबं बोटं फिरवून फिरवून बसलेली असत्यात, तितं आमी भरूनच वाचतो. नव्या पुस्तकात तेवढं खाली भरायचं होतं. नागम्माला लई चांगलं भरता येतंय, म्हणून तिला इचारून समद्यांनी एकच ठरवायचं.”

“पण मला सांगायचं तरी.”

“नागम्मानं सांगितलं की, बाई,” श्रावस्ती म्हणाली आणि खाली बसली.

बाईंनी उत्कर्षला फोन लावला. त्यानं पानाचा आकार कुठं बघायचा ते सांगितलं.

“ए-फोर लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

“तिथंच घोळ आहे. आपला ब्रेलचा कागद त्याच्यापेक्षा आखूड. नव्या ड्रायव्हरनं आपल्या मनानं लांब पान धरलं, म्हणून कागदाचा काठ जवळ आला की मशिन खालच्या दोन ओळी न ठोकताच सोडून देत होतं. आकार बदला, झालं काम.” बाईंनी आकार बदलला. उत्कर्ष हसला. “एवढंच होतं होय, मॅडम! मला वाटलं काय मोठं झालं.”

बाईंनी फोन ठेवून दिला. मोठं काय आणि बारीक काय, हे त्याला समजावून सांगायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

त्यांनी भूगोल पुन्हा छापला. या वेळी प्रत्येक पान उन्हात धरून तळापर्यंत वाचलं आणि रविवारी पहिल्या एसटीनं नागम्माची वाडी गाठली. शिवारात तुरीची काढणी चाललेली. अंगणात नागम्मा सुपातली ज्वारी चाचपून खडे काढत बसली होती. तिची आई नीलम्मा “बर्री, कूडरी”, या, बसा, असं कानडीत म्हणत लगबगीनं पुढं आली, बसायला घोंगडी टाकली, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. शांतलिंग गोठ्यातून हात पुसत आला.

वाटेत बाईंनी खूप शब्द जुळवले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“नागम्मा, तू खरं बोलली होतीस,” त्या म्हणाल्या. “पुस्तकात नव्हतं. छपाईत गेलं होतं. मी बघितलं नाही, ऐकलं नाही, आणि तुलाच खोटी ठरवलं. चूक माझी झाली.”

त्यांनी नवं पान तिच्या मांडीवर ठेवलं. नागम्मानं हात लुगड्याच्या पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि वाचायला घेतलं. बोटं खाली गेली तशी हळू झाली. शेवटच्या दोन ओळी तिनं दोनदा वाचल्या.

“हितं ऊसतोड न्हाय.”

“नाही.”

“मग पाऊस न्हाय पडला तर तितली माणसं काय करत्यात?”

“ते काही पुस्तकात दिलेलं नाही.”

“मग माझंच बरं हाय की,” नागम्मा म्हणाली, आणि शांतलिंग मोठ्यानं हसला.

नीलम्मा हसली नाही. “बाई, तुमचं यंत्र बिघडलं आन् लेक माझी खोटी पडली. पुन्ना तुमचं कायतरी बिघडलं तर? तवा कुणाला धरनार?”

“परीक्षा होईस्तोवर मी रोज तिच्याशेजारी बसते, सगळं नव्यानं वाचून घेते. पुन्हा बिघडणार नाही असं वचन मला देता येत नाही,” बाई म्हणाल्या. नीलम्मानं त्यांच्याकडं जरा वेळ निरखून बघितलं.

“वर्गात बी म्हनाल का बाई, चूक तुमची म्हनून?” नागम्मानं विचारलं.

“म्हणेन. उद्याच म्हणेन.”

नागम्मानं सूप बाजूला ठेवलं. “अव्वा, पेटी दे,” ती म्हणाली. नीलम्मानं पेटी आणून दिली आणि वर एका फडक्यात भाकरी बांधून दिल्या, पण निरोपाचा शब्द काढला नाही.

परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. बाईंनी पिशवीतून इतिहासाचं डोळस मुलांचं पुस्तक काढलं. इतिहासाचा गठ्ठा अजून पुन्हा छापायचा होता, पण वेळ थोडा होता, तोंडपाठ असेल ते तरी तपासून घ्यावं असं त्यांनी ठरवलं. नागम्मा पूर्वी धडा म्हणायला लागली की एका दमात म्हणायची. मध्ये कुणी अडवलं तर चिडायची. आज ती पहिल्या वाक्यालाच थांबली.

“ह्ये हाय का बाई पुस्तकात?”

“हाय.”

दुसरं वाक्य म्हटलं, पुन्हा थांबली. “ह्ये हाय का?”

“हाय गं. तू म्हण पुढं.”

पण पुढंही ती प्रत्येक वाक्याला थांबत राहिली. आपल्याला येतं त्यातलं पुस्तकातलं कुठलं आणि आपण भरलेलं कुठलं, हे तिला आता एकटीला सांगता येत नव्हतं. बाईंना ते कळलं. खोटारडी म्हटलेलं त्या वर्गात परत घेणार होत्या. हे कसं परत घ्यायचं, ते त्यांना सुचेना.

धडा संग्रहालयांवर आला.

“संग्रहालयात जुन्या काळातल्या वस्तू जपून ठेवतात. हाय?”

“हाय.”

“तितं नाणी, भांडी, मूर्ती, तलवारी असं समदं असतंय. हाय?”

“हाय.”

“आन् बघायला आलेल्या मानसांना त्या हातात घेऊन बघू देत्यात.”

बाईंची नजर पानावरून खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. एसटी खड्ड्यात आदळली. नागम्मा तोंड त्यांच्याकडं करून वाट बघत होती.

“हाय का, बाई?”

हो म्हणून टाकावं असं बाईंना फार वाटलं.

“न्हाय गं,” त्या म्हणाल्या.

नागम्मानं मान हलवली. “मग ह्ये काढते,” असं म्हणून तिनं पुढचं वाक्य विचारलं.